कावडीतला वरवंटा

कावड खांद्यावर मधोमध नव्हती. ओढ्यापलीकडच्या उतारावरून कुणीतरी बाई येत होती आणि तुर्गाला आधी तेवढंच दिसलं. दोन्ही टोपल्यांत सारखं वजन असलं की बांबू बरोबर मध्यावर टेकतो आणि चालताना त्याची दोन्ही टोकं एका लयीत खालीवर होतात. हा बांबू मध्यापासून वीतभर मागच्या टोकाकडे टेकलेला होता. पुढची टोपली मोठी असूनही हलकी झुलत होती. मागची लहान होती, पण खाली ओढली जात होती. म्हणजे तिच्यात काहीतरी आटोपशीर आणि जड होतं. दगड असावा.

तुर्गा अंगणात चटईवर भेंडी वाळत घालत होती. तिनं हातातली मूठ खाली ठेवली. बाईची चाल तिनं ओळखली, आणि मग दगडही ओळखला. तो वरवंटा होता. सात वर्षांपूर्वी सासूनं तो आपल्या मुलीला सासरी जाताना दिला, तेव्हा त्याच कावडीत तुर्गानंच तो गवतात गुंडाळून ठेवला होता.

सिबा याआधी तीनदा माहेरी आली होती. एकदा रिकाम्या हातानं, एकदा कापडाचं बोचकं घेऊन, एकदा अनवाणी आणि डोळा सुजलेला. चार दिवसांच्या पाहुणीला वरवंटा लागत नाही. बाई तो उचलते ती घर सोडतानाच.

सिबा पाण्याशी येऊन थांबली. ओढा पौष संपता संपता असतो तसा, घोट्याएवढा उरला होता. तरी ती अलीकडे आली नाही. कावड उतरवून ती दगडावर बसली.

"वहिनी, जवळ येऊ नकोस."

"का गं?"

"अजून रक्त जातंय."

तुर्गा काठावर उभी राहिली. दोघींमध्ये आठ-दहा पावलांचं पाणी होतं. "कितवा महिना होता?"

"पाचवा."

"पडलीस?"

"पडले ते नंतर. आधी मुसळ लागलं." सिबा हे सांगताना पाण्याकडे बघत होती. "दाराकडे धावले. बाहेर पोचायचं होतं. उंबऱ्यापाशीच सांडलं सगळं."

"घरात?"

"घरात." तिनं मान वर केली. "तुझा भाऊ म्हणतो, घर बाटलं. शुद्धीची बकरी माझ्या भावानं आणून द्यायची. मी अजून जमिनीवर होते, वहिनी, आणि तो बकरीचं बोलत होता."

तुर्गाला काही बोलायचं होतं. तिच्या मनात आधी जे आलं, ते मात्र सिबाबद्दल नव्हतंच. सिबा इथं राहिली तर आपल्याला जावं लागेल. साट्याचं लग्न असं असतं. तुर्गाच्या नवऱ्यानं, केन्नोनं, बहीण द्यायच्या बोलीवर तुर्गाला आणलं. तुर्गाच्या भावानं, गांतानं, सिबा मोठी झाल्यावर तिला नेलं. एक परतली की दुसरीनं परतायचं. पोरं बापाच्या कुळाची, ती इथंच राहणार. अकरा वर्षांची येमा आणि दोन धाकटे, तिघंही.

हे मनात यायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात सिबानं ते तिच्या चेहऱ्यावर वाचलं. पहिल्यांदाच नव्हे. चार वर्षांपूर्वी, कापणीच्या दारूच्या दिवशी, तुर्गानं सिबाच्या कानामागे काळानिळा सुजलेला भाग पाहिला होता आणि ती म्हणाली होती, "पोर झालं की निवळेल गं तो." आपल्या भावाचा हात तिला लहानपणापासून माहीत होता. निवळणारा हात नव्हता तो.

"भाकरीचं बघते तुझ्या," तुर्गा म्हणाली, आणि घराकडे वळल्यावर स्वतःचीच लाज वाटून थांबली.

*

जांबाकाका चिंचेखाली बाणाची काडी तासत बसला होता. केन्नोच्या बापाचा हा धाकटा भाऊ. बाप गेल्यापासून कुळाच्या वतीनं बोलायचं काम त्याच्याकडे आलं होतं, आणि ते त्याला आवडत होतं.

"एक बकरी दे, बहीण पोचती कर, विषय संपला," तो म्हणाला. "तुझी बायको तुझ्या चुलीशी, त्याची त्याच्या."

"तिला मारलंय त्यानं, काका. पोटात पोर असताना," केन्नो म्हणाला.

"मग? मी काय म्हणतोय, चांगलं केलं? बैठकीत बोलू की त्याला. चारचौघांत खाली मान घालायला लावू."

"मागच्या वेळी घातली होती. त्याच्या आधीही."

"मान घालायची सवय लागलीय म्हणायची." काका स्वतःच्याच विनोदावर हसला. मग काडी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघितली. "तुझं काय म्हणणं आहे, ते तरी कळू दे."

"बघू."

"हे बघ, तुझं बघू आलं. पहिल्यांदा पोरगी आली तेव्हा म्हणालास, पेरणी होऊ दे, बघू. मग म्हणालास, कापणी होऊ दे, बघू. तुझा बाप वाघाशी नजर मिळवायचा आणि तू बारा महिने नुसता बघतोस."

हे केन्नोलाही माहीत होतं. आपल्याला विचार करायला वेळ हवा असतो, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती. खरं तर विचार पहिल्याच दिवशी संपला होता. तुर्गाशिवायचं घर त्याला डोळ्यांपुढे आणता येत नव्हतं, आणि ते आणावं लागू नये याची किंमत तीनदा सिबानं दिली होती. वाटेपर्यंत तिला पोचवायला तो प्रत्येक वेळी स्वतः गेला होता. तिची कावड त्यानं उचलली नव्हती. बायकांची कावड पुरुष उचलत नाहीत.

"काका, समजा मोडलं साटं?"

काकाचा सुरा थांबला. "कोण म्हणणार मोडलं म्हणून?"

"समजा."

"समजा नसतं यात. जो तोंडानं म्हणतो, वैर त्याच्या नावावर जातं. उद्या त्यांच्यातलं कुणी तापानं मेलं तरी बाण त्याच्या दारात येतो. म्हणूनच तर गांताही म्हणत नाहीये. तो वाट बघतोय तू म्हणायची, आणि तू म्हणणार नाहीस, हे त्याला पक्कं ठाऊक आहे." त्यानं पुन्हा काडी तासायला घेतली. "बकरी दे. तुझ्याकडे दोन गाभण आहेत, त्या नको. ती काणी दे."

*

ओढ्यापलीकडे, झुडपांच्या आडोशाला विटाळातल्या बायकांचं गवताचं खोपटं होतं; सिबा तिथंच उतरली होती. बैठकीच्या दिवशी सिबाची आई मिंडाये दोन वेळा तिथं जाऊन आली; म्हाताऱ्या बाईला तिथं आडकाठी नसते. सकाळी ज्वारीचा घाटा घेऊन गेली, आणि दुपारी वरवंटा बघायला. हो, वरवंटा बघायलाच. सात वर्षांत तो एका बाजूनं झिजला होता. डाव्या हाताला जोर कमी पडला की तसा झिजतो.

"डावा हात कधी दुखावला?" तिनं मुलीला विचारलं.

"दुसऱ्या वर्षी."

"मला नाही सांगितलंस."

"सांगून तू काय केलं असतंस, आई?"

मिंडाये खाली बसली. तिची सात बाळंतपणं याच झुडपांत झाली होती. एकटीनं, खोडाला धरून. कुणी शहाणा पुरुष या वाटेला फिरकत नसे. तालुक्याहून येणाऱ्या दवाखान्यातल्या पोरी म्हणायच्या, हे वाईट, घरात बाळंत व्हा, दवाखान्यात या. त्यांचं बरोबरही असेल. सातांतले तीनच जगले. पण इथं कुणाचा हात उगारला गेला नव्हता. ही जागा बाईची. रक्त बाहेर न्यायचं, घर राखायचं. आणि घरानं बाईला राखायचं. दुसरा भाग कुणाच्या लक्षात राहिला नाही, याचा तिला संताप आला. असा संताप, की उठताना गुडघे दुखले नाहीत.

"बैठकीत माझं काय करतील?" सिबानं विचारलं.

"बोलतील."

"मला येता येणार नाही तिथं."

"इथून ऐकू येतं," मिंडाये म्हणाली.

*

बैठक ऊन कलल्यावर बसली. गांता चार जणांना घेऊन आला. आल्या आल्या सगळ्यांनी धनुष्यं चिंचेच्या खोडाला टेकवून ठेवली, यजमानांची एका बाजूला, पाहुण्यांची दुसऱ्या. तिसऱ्या कुळातला म्हातारा बेशा मध्ये बसला. पोकळ भोपळ्याचं दारूचं तुंबडं त्याच्यापासून फिरायला लागलं. रिवाजाप्रमाणे तुर्गा आपल्या भावाच्या मागे बसली होती. साट्याचा वाद असला की बाई माहेरच्या बाजूला मोजतात. तिच्यासमोर वीस पावलांवर तिचा नवरा होता आणि त्याच्या मागे तिची मुलगी.

"दाजी, बरे आहात ना?" गांतानं केन्नोला विचारलं. दोघंही एकमेकांचे दाजी होते.

"बरं आहे, दाजी."

"पोरं?"

"बरी आहेत."

"मग लवकर आटपू. माझं घर दहा दिवस झाले, थंड पडलंय. चूल नाही, काही नाही. आई शेजारी जेवते."

बेशा म्हणाला, "बकरीचं काय ठरलंय?"

"देतो आम्ही बकरी," जांबाकाका म्हणाला. "काणी आहे, पण अंगानं धड आहे."

"काणी?" गांताचा एक चुलतभाऊ म्हणाला. "घर शुद्ध करायचंय की चेष्टा करायचीय?"

"रक्ताला काय डोळे दिसतात का?"

त्यावर पाच-सहा जण हसले. मग बकरीवर बराच वेळ गेला. दोन डोळ्यांची हवी. पांढरी नको. गाभण चालत नाही. नाही, चालते, अमक्याच्या वेळी चालली होती. ती मारायची कुठं, उंबऱ्याच्या आत की बाहेर. तुंबडं दोनदा फिरलं. मिंडाये बायकांच्या घोळक्यात बसून हे सगळं मोजत होती. बकरी हा शब्द तिनं एकोणीस वेळा ऐकला. सिबा हा शब्द एकदाही आला नव्हता.

ती उठली. बायका अशा बैठकीत उठत नाहीत असं नाही, पण उठल्या की आधी खाकरतात. तिनं तेवढंही केलं नाही.

"बेशा, एक विचारायचंय."

"विचार, वहिनी."

"घरात रक्त सांडलं की बकरी कोणी द्यायची?"

"ज्या बाईचं सांडलं तिच्या माहेरनं. जुनंच आहे हे."

"नाही. एवढंच नाही ते जुनं. तुझ्या बापाच्या तोंडून मी ऐकलंय, याच झाडाखाली. सांडेल त्यानं द्यायची. बाई उशिरा उठली, आळस केला, बाहेर गेली नाही, तर सांडणारी ती. तिच्या माहेरनं द्यावी. माझी पोरगी धावत होती. कुणी सांडलं ते?"

तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"दोन तुंबडी दारू संपवलीत तुम्ही. बकरीचे डोळे मोजलेत. मुसळ कुणी मोजलं? एवढी पुरुषमाणसं बसलीत, एकानं तरी विचारलं का की उंबऱ्याशी रक्त आलं कसं?"

"म्हातारे, बस खाली," गांता म्हणाला.

"मी सात जणांना त्या झुडपात जन्म दिला. रक्ताचा एक थेंब या घरात आणला नाही. रिवाज मला शिकवू नकोस. मी तो पाळलाय, तू त्याच्या आड लपलायस."

बेशा मान खाली घालून जमिनीवर काडीनं रेघ ओढत होता. मग म्हणाला, "म्हातारी बरोबर बोलते. बाप असं म्हणायचा. बकरी गांतानं द्यायची."

एवढ्यानं बैठकीचा तोल हलला. जांबाकाकाचा चेहरा उजळला. काणी बकरी वाचली होती. पण तो लगेच म्हणाला, "ठीक झालं. त्याची बकरी, आमची पोरगी. उद्या सकाळी पोचती करतो."

मिंडाये त्याच्याकडे बघतच राहिली. "जांबा, तुला काय ऐकू आलं मघापासून?"

"वहिनी, आता ताणू नका. तुमचा मान राहिला."

"मला मान नको होता. मला मुलगी हवीय."

गांता उठला. लाज निघाल्यावर माणूस जसा मोठ्यानं बोलतो, तसा बोलू लागला. "ठेवा ना मुलगी. मला तरी कुठं हवीय? सात वर्षांत एक पोर धड दिलं नाही तिनं. पण मग माझी बहीण मी नेणार. तुर्गा, ऊठ."

तुर्गा उठली नाही. तिनं केन्नोकडे पाहिलं. केन्नो जमिनीकडे बघत होता.

"बघा," गांता हसून म्हणाला, "दाजींना बायको सोडवत नाही. मला माहीत आहे. मी काही वाईट माणूस नाही. दुसरी वाट सांगतो. सिबा ठेवा, तुर्गा पण ठेवा. मला बदली एक पोरगी द्या." त्यानं केन्नोच्या मागे बोट दाखवलं. "येमा द्या. मामाच आहे मी तिचा, परका थोडाच आहे? पलीकडच्या कुळात एकाला भावासाठी बायको हवीय. येमा तिकडं देतो, त्यांच्याकडची मला आणतो. सगळ्यांचं भागतं."

"अकराची आहे ती," बायकांतून कुणीतरी म्हणालं.

"पाऊस येईस्तोवर बाराची होईल."

जांबाकाका हनुवटी खाजवत होता. "यात विचार करण्यासारखं आहे," तो म्हणाला. "केन्नो, कुणाचंच घर मोडत नाही यात."

*

केन्नोच्या तोंडाशी तो नेहमीचा 'बघू' आला होता. सवयीनं. पावसाळ्यापर्यंत चार महिने होते. चार महिने खूप असतात. चार महिन्यांत काहीही होऊ शकतं. ब उमटण्यासाठी त्याचे ओठ मिटलेही होते.

तेवढ्यात समोर हालचाल झाली.

तुर्गा उठली होती. भावानं सांगितलं तेव्हा उठली नव्हती, आता उठली. ती भावाच्या मागून निघाली आणि मधल्या मोकळ्या जागेतून, बेशाच्या अंगावर सावली टाकत, सरळ चालत गेली. नवऱ्याच्या बाजूला आली, पण तिथंही थांबली नाही. येमाच्या मनगटाला धरून तिनं तिला उठवलं आणि ओढ्याकडे नेलं. पाण्यातून पलीकडे. खोपट्याच्या तोंडाशी सिबा बसली होती, तिच्या शेजारी ती लेकीला घेऊन बसली. जिथं रक्त जाणारी बाई बसते, तिथं कारण नसताना तरणी बाई बसत नाही. बसली की तिला लगेच उठवता येत नाही, दिवस मोजावे लागतात. हे तिथल्या प्रत्येक पुरुषाला माहीत होतं.

"तुर्गा," गांता ओरडला, "इकडं ये."

तिनं पलीकडूनच उत्तर दिलं. आवाज चढवायची गरज नव्हती, पाणी कमी होतं. "दादा, चार वर्षांपूर्वी मी हिच्या कानामागे बघितलं होतं. गप्प बसले. हिनं मार खायचा आणि मी माझ्या चुलीशी बसायचं, हा हिशोब मला तेव्हा पटला होता. तू आता माझी पोरगी मागतोस. पुढं तिच्याही कानामागे कुणी बघेल आणि गप्प बसेल."

"तुझ्यामागं कुणी उभं राहणार नाही, लक्षात ठेव. उद्या दाजींनी हात उगारला तर माझ्या दारात येऊ नकोस."

"येणार नाही."

ती हे अगदी साधेपणानं म्हणाली. केन्नोला मात्र त्यात भीती ऐकू आली. बारा-तेरा वर्षांत तो तिचा आवाज ओळखायला शिकला होता. तिनं आत्ता आपला एकुलता आधार तोडला होता, आणि ज्याच्या भरवशावर तोडला, तो माणूस अजून जमिनीकडे बघत होता.

सिबानं टोपलीतून वरवंटा काढून तुर्गाच्या आणि स्वतःच्या मध्ये जमिनीवर ठेवला.

"केन्नो," बेशा म्हणाला. त्यानं काडी टाकून दिली होती. "बायका आपापल्या जागी बसल्या. आता घरचा माणूस तू. काय ते बोल. आणि बोलायच्या आधी नीट ऐकून घे, बोललास की ते तुझं. जांबाचं नाही, कुळाचं नाही. तुझ्या एकट्याच्या दारात येईल."

"केन्नो, घाई नको," जांबाकाका हळूच म्हणाला. "कापणी झालीय, आता सगळे मोकळेच आहेत. पुढच्या आठवड्यात पुन्हा बसू."

केन्नो उभा राहिला. झाडाच्या दोन्ही बाजूंना टेकवलेली धनुष्यं त्यानं पाहिली. गांताच्या बाजूची पाच होती. मग तो ओढ्याकडे वळला, काठापर्यंत गेला आणि पाठ गांताकडे ठेवून पलीकडे बघत राहिला. तीनदा याच काठावरून त्यानं बहिणीला वाटेला लावलं होतं. तिच्या डाव्या खांद्यावरचा कावडीचा घट्टा इथूनही दिसत होता.

"सिबा," तो म्हणाला, "तो वरवंटा घरातल्या पाट्याशी नेऊन ठेव. दिवस संपले की."

मग तो सगळ्यांकडे वळला.

"सिबा जाणार नाही. तुर्गा जाणार नाही. येमाला पुन्हा कुणी मागायचं नाही. साटं मोडलं. मी, केन्नो, मोडलं."